दामूमामा आणि शेवंतीची गाडी

दामूमामा माझ्याबरोबर आयुष्यात एकदाही एका गाडीत बसले नाहीत. मामा-भाच्यांनी एका होडीत बसू नये, ही आमच्याकडची जुनी समजूत. खाडीकाठच्या गावांत ती अजूनही पाळतात, आणि होडीपुरती पाळली तर कुणाचं काही बिघडतही नाही. मामांनी ती होडीवरून बैलगाडीवर आणली, बैलगाडीवरून एसटीवर आणि मी पहिली जीप घेतली तेव्हा जीपवर. जीपचे पेढे द्यायला मी त्यांच्या दारात गेलो आणि म्हटलं, "मामा, चला, एक चक्कर मारू." मामांनी पेढा खाल्ला, बॉनेटवर हात ठेवून नमस्कार केला आणि म्हणाले, "तू मार चक्कर. मी हितूनच बगतो."

"अहो, ती समजूत पाण्यावरची आहे. ही जीप आहे."

"पनवेलचे रस्ते बगलंस का रं? बारा म्हयने पानीच हाय."

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. लग्न असो, मयत असो, दवाखाना असो. मी जीप घेऊन पुढे आणि मामा रिक्षा करून मागे. मी आधी पोचायचो आणि फाटकाशी उभा राहायचो. मग रिक्षा यायची, तीतून मामा उतरायचे आणि वर मलाच ऐकवायचे, "हलू चालव, भाचेबुवा. रिक्षावाला घाबरला."

मी स्वभावाने माफी मागत जगणारा माणूस आहे. चिडतो, आणि चिडलो म्हणून लगेच मनाला लावून घेतो. दामूमामांनी मला या दोन्ही कामांत आयुष्यभर गुंतवून ठेवलं. ते जाऊन आता वर्ष होत आलं, तरी हे लिहिताना पहिल्यांदा आठवतो तो त्यांचा राग. प्रेम त्याच्या मागून, रिक्षातून येतं.

मामा उंच, काळेसावळे आणि काटकुळे. अंगावर पांढरा सदरा, पण तो नेहमी त्यांच्याहून मोठ्या माणसाचा वाटायचा. बाह्या बोटांपर्यंत यायच्या, खांदे दंडावर उतरायचे. मामांचं तत्त्वच होतं ते. "आंगाबराबर शिवला का कपरा एकच वरीस टिकतं. वाईच सैल ठेवाचा." त्यांच्या तोंडी कपड्याचा कपरा व्हायचा, गाडीची गारी आणि घोडीची घोरी. मामांचं बालपण मिठागरावर गेलं. घरात मिळेल ते पुढच्या वर्षालाही पुरलं पाहिजे, अशी तिथली रीत. ते मी समजू शकतो. पण मी पाचवीत गेलो तेव्हा मामांनी मला बूट घेतले, त्यांत माझे दोन्ही पाय एकाच बुटात मावले असते. पुढे कापूस कोंबून दिला होता. शाळेच्या मैदानात मी धावायला लागलो की बूट पुढे जायचे आणि मी मागे राहायचो.

खाजणातली जमीन प्रकल्पात गेली आणि गावात पैसा आला, तेव्हा कुणी मोठ्या गाड्या घेतल्या, कुणी इमारती बांधायला घेतल्या. मामांनी घोडी घेतली. पांढरी, नाजूक तोंडाची, कान आत वळलेले. नाव ठेवलं शेवंती. मामींनी त्या दिवशी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "मना लग्नात गजरा मिलाला नाय, न हिला नावच शेवंती!" त्यानंतर गावातला प्रत्येक नवरदेव शेवंतीवर बसून लग्नाला गेला. मामा कुणाकडून दमडी घ्यायचे नाहीत. फक्त एक अट होती, की लगाम ते स्वतः धरणार. डोक्याला फेटा, हातात लगाम आणि चेहऱ्यावर असा भाव की वरात नवऱ्याची नसून घोडीची आहे.

एकदा मोऱ्याला, उरणच्या धक्क्याजवळ, कुणाच्या तरी नातवाचं लग्न होतं. शेवंतीला नेण्यासाठी भाजी वाहायचा पिकअप आणला. त्याचा हौदा आखूड. घोडीला तिरकं उभं करून दोन्हीकडे दोरांनी बांधलं. वाटेत कंटेनर आडवा आला, पिकअपवाल्याने ब्रेक मारला आणि शेवंती पुढच्या गुडघ्यांवर आपटली. दोर आखडलेला, मान वर ओढलेली आणि उठायला जागा नाही. मामा मागे तिच्याजवळच उभे होते. त्यांनी दोर कापला, तिच्या मानेखाली खांदा दिला आणि गाडी थांबेपर्यंत तसेच राहिले. लग्न झालं, पण परतताना शेवंती पिकअपकडे बघायलाही तयार नव्हती. मामा तिला मोऱ्याहून पनवेलपर्यंत कंटेनरच्या रांगेच्या कडेने चालवत घेऊन आले. नंतर तिचे गुडघे भरले, पण एक गोष्ट राहिली. कुठल्याही गाडीचा मागचा फाळका पडल्याचा आवाज झाला की ती थरथरायची.

पुढे आमच्या गावावर इमारती चालून आल्या. मामांची सगळी आळी बिल्डरकडे गेली. शिमग्याच्या आत घरं रिकामी करायची होती. मामा-मामींसाठी नवीन पनवेलात भाड्याचा फ्लॅट ठरला, तिसऱ्या मजल्यावर. शेवंतीसाठी मामींच्या भावाची, जनूभाईंची, आपट्याची वाडी ठरली. पाताळगंगेच्या काठी चिकू-आंब्याची झाडं आणि मोकळं गवत. सगळं छान होतं. फक्त घोडीला पनवेलहून आपट्याला न्यायचं कसं, हे कुणालाच सुचत नव्हतं. महामार्गावरून तिला चालवत नेण्याचे दिवस संपले होते. तिचं वय झालं होतं आणि गुडघे आता दमायला लागले होते. इकडे शेजारच्या प्लॉटवर पायाचे खांब ठोकण्याचं काम सुरू झालं. दिवसभर धाड धाड आवाज. शेवंतीने वैरण टाकली. मामा तिच्या कानांवर दोन्ही हात धरून गोठ्यात उभे राहायचे.

माझी कळंबोलीत शेड आहे. लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला आम्ही ट्रक-टेम्पोच्या बॉड्या बांधतो. एका सकाळी मामांचा फोन आला. "भाचेबुवा, घोरीसाठी गारी बांधाची हाय. बसून बोलू."

मी त्यांना आणायला गेलो. अर्थात मी जीपमध्ये आणि ते मागे रिक्षात. शेडमध्ये चहा झाला आणि मी विचारलं, "कशी बांधायची?"

"ऐसपैस."

"म्हणजे?"

"म्हंजे तिला वाटला पायजे का आपन हॉलमदी उभी हाय."

मी आयुष्यात घोड्याची गाडी बांधलेली नव्हती. पण घोड्यांची ने-आण करणाऱ्या पुण्याच्या एका माणसाला आधी फोन करून विचारून घेतलं होतं. जीपमागे ओढायची, दोन चाकांची, उताराची फळी असलेली गाडी लागते. घोडीला मान पुढे ताणता आणि खाली घालता आली पाहिजे, म्हणून लांबी हवी. डोकं वर केलं तर कान छताला लागता कामा नयेत, म्हणून उंची हवी. पण रुंदीचं गणित उलटं असतं. पाय थोडे फाकून उभं राहता यावं इतकीच हवी. फार अरुंद केली तर पाय रोवता येत नाहीत, आणि फार रुंद केली तर वळणावर घोडी एका बाजूला फेकली जाते, कारण टेकायला दोन्हीकडे काही नसतं. हे मी मामांना जमेल तितक्या शांतपणे सांगितलं.

मामांनी चहाची बशी ओठांवरून खाली घेतली. "तू चार पायावर उभा र्‍हातोस का?"

"नाही."

"मंग तुना काय म्हाईत?"

"मामा, ज्यांना माहीत आहे त्यांना विचारलं मी."

"त्याची घोरी कोनची? त्याला बोल, आमची घोरी नाजूक हाय. तिला वाईच सैल लागतं."

शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, मी येऊन माप घेतो. तर मामा एकदम उठून उभे राहिले. भाच्याने माप घ्यायचं नाही. परक्या हाताने जनावराचं माप घेतलं की नजर लागते. माप तेच घेतील आणि फोनवर सांगतील. मी वाद घातला नाही. नजरेबद्दल मामांशी वाद घालणं म्हणजे भिंतीला टेप लावून तिचं मत विचारणं. शिवाय मीही शेवंतीला कितीतरी लग्नांत पाहिलं होतं. तिचा आकार माझ्या डोळ्यासमोर होता. मामांनी फोनवर आकडे सांगितले, ते मला बरोबरच वाटले. आहे, घोडी जरा भारदस्तच आहे, असं मनाशी म्हणून मी सांगाड्याचे लोखंडी चॅनल कापायला दिले.

सांगाडा उभा राहिला, पत्रा चढला, तळाला खरबरीत नक्षीचा जाड पत्रा, म्हणजे चेकर प्लेट, आणि वर रबराची चटई पडली. कारागीर म्हणाले, शेठ, यात हत्ती जाईल. मला तो विनोद वाटला. शेवटी मागच्या फळीची उंची घोडीशी ताडून बघायला म्हणून मी मामांच्या गोठ्यात गेलो. शेवंती तिथे उभी होती, तिच्या अंगावर काहीच नव्हतं. आणि ती केवढीशी होती! मी दारातच थांबलो. मला वाटलं, ही दुसरीच कुठली तरी घोडी आहे.

"मामा, माप कसं घेतलं होतं तुम्ही?"

"कसं म्हंजे? रीतसर. सगला शिनगार करून."

त्यांनी तिला वरातीसारखी सजवून माप घेतलं होतं. डोक्यावर दीड वितीचा तुरा. पाठीवर खोगीर, त्यावर गादी, दोन्ही बाजूंना कडक कापडाची झूल आणि त्या झुलीला फुगलेले गोंडे. उंची तुऱ्याच्या टोकापासून खुरांपर्यंत आणि रुंदी गोंड्यापासून गोंड्यापर्यंत. मी शेवंतीला नेहमी लग्नातच पाहिलेलं, म्हणून माझ्याही डोळ्यांत तीच सजलेली घोडी बसली होती.

"अहो, पण का?" माझा आवाज चढला. "ती काय मांडवात जाणार आहे? ती आपट्याला गवत खायला जाणार आहे!"

"बाईमानसाचं माप आसं उघरं घेतात का?" मामा म्हणाले. त्यांना खरोखर कळत नव्हतं मी का ओरडतोय. आतून मामी बोलल्या, "माज्या ब्लाउजचं माप घेताना टेलरला मी बोलले नाय कदी, का दागिने घालून घे!"

मी शेडवर परतलो. चूक मामांची होती, पण जनावर डोळ्यांनी न बघता पत्रा कापला तो मीच. संध्याकाळी मामा आले, रिक्षाने. गाडीभोवती एक फेरी मारली, आत गेले, हात पसरून बघितले. बाहेर आले तेव्हा खूश होते.

"झकास. आता कापायची नाय. दोन्ही आंगाला पेंढा भर. बुटात कापूस भरतात ना, तसा."

मी म्हटलं, "मामा, बूट घालून चालणारा माणूस स्वतःला सावरतो. गाडी वळली की घोडीला कोण सावरणार?"

"पेंढा."

"पेंढा दबतो."

"भाताचा पेंढा हाय. आमच्या शेतातला. दबनार नाय."

तेव्हा आमच्या गावात शेत उरलेलं नव्हतं. पेंढा मामांनी कर्जतहून आणला आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना दाबून भरला. वर माझ्या शेडमधल्या पोरांकडून दोऱ्या ओढून घेतल्या. मी शेवटचा उपाय म्हणून म्हटलं, "शेवंतीला घालायच्या आधी गाडी एकदा फिरवून बघू. आत काहीतरी वजन ठेवू." मामा म्हणाले, "वजन कशाला? मी हाय ना." आणि फळीवरून आत चालत गेले.

"आता एका गाडीत बसलेलं चालतं का?"

"एक कुठं? हुक काढला का येगली. तुजी ती तुजी, माजी ही माजी."

ते पेंढ्याच्या मधोमध उभे राहिले. आधाराला काही धरायला तयार नाहीत. घोडीला हात असतात का, असा मलाच उलट प्रश्न. मी शेडच्या मागच्या मोकळ्या आवारात जीप काढली. सरळ ठीक गेलो. मग कोपऱ्यावर वळवली. मागे काहीतरी पडल्याचा दबका आवाज झाला आणि मग काहीच ऐकू आलं नाही. मी जीप थांबवून धावत मागे गेलो. त्या वळणावर मी माझ्या रागाने स्टिअरिंग जरा जोरात फिरवलं का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. नसेल फिरवलं. पण असेलही.

मामा पेंढ्यात कंबरेपर्यंत रुतून आडवे झाले होते. एक पाय वर. डोक्यावर काड्या. मी त्यांना ओढून बाहेर काढलं. "लागलं का? मामा, लागलं का?" म्हणत मी त्यांचे कोपर, गुडघे चाचपत राहिलो. तोंडातली काडी काढून त्यांनी बाजूला टाकली, गाडीकडे पाहिलं.

"तिला तर हात बी नायत," ते म्हणाले. मग म्हणाले, "काप."

आम्ही गाडी कापली. या वेळी शेवंतीचं माप मी घेतलं. आधी मामांनी तिच्या कपाळावर काजळाचा टिळा लावला, मग माझ्या टेपला लावला, मग माझ्याही कानामागे लावला. मी मुकाट्याने लावून घेतला. घोडीने मान खाली घातली की किती जागा लागते, आरामात उभी असताना पाय किती फाकतात, खांदे कुठे येतात, सगळं मोजलं. मामा तोंड फिरवून उभे होते. गाडी अरुंद झाली, दोन्ही बाजूंना फोम आणि रेक्झिनच्या गाद्या बसल्या, छातीपुढे आडवा दांडा आला, खिडक्या मोठ्या झाल्या आणि फळीचा उतार लांब झाला. तयार गाडी मी मामांच्या अंगणात आणून लावली. फळी खाली सोडताना दोर धरून अगदी हळू सोडली, तरी शेवंती गोठ्यात मागे सरकून भिंतीला चिकटली.

मला वाटलं होतं, दोन दिवसांत चढवू. मी माणसं घेऊन गेलो. मामांनी माणसांना परत पाठवलं. "वडून चढवलेली घोरी वडूनच उतरवावी लागते. मोऱ्याला बगलं मी." त्यांनी स्वतः गाडीत मुक्काम टाकला. दुपारचं जेवण गाडीत, जेवणानंतरची झोपही गाडीत, पेपर गाडीत. शेवंतीला फळीच्या पायथ्याशी वैरण. तिच्याकडे बघायचंही नाही, हाक मारायची नाही. मी रोज फोन करायचो, आज चढली का? मामा म्हणायचे, "आज एक पाय ठेवला न परत घेतला. चांगली प्रगती हाय." तिकडे खांब ठोकणं चालूच होतं. आळीतली इतर घरं रिकामी होत होती, दारं-खिडक्या काढून नेलेल्या त्या भिंतींमधून बिल्डरचा माणूस रोज यायचा आणि फोन करून मलाच विचारायचा, "दादा, बाबा गाडीत राहायला गेलेत का?"

एकदा माझा संयम सुटला. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला तिला न्यायचंच नाहीये. म्हणून हे चाललंय. आधी गाडी मोठी, मग पेंढा, आणि आता हे."

मामा गाडीतच पथारीवर बसले होते. त्यांना राग आला नाही. म्हणाले, "न्यायची तर हायेच. पन ती भ्यायली नाय पायजे. एकदाच जानार हाय ती, मंग तेवडं एकदा तरी नीट जाऊ दे." मग पेपर वर करून म्हणाले, "जा आता. तुज्या आवाजानं ती मागं सरली."

आणि एके दिवशी मामींचा फोन आला. "रमेश, ये रं. तुजा मामा झोपलाय न घोरी त्याच्या उशाला उभी हाय." मी गेलो. खरंच, शेवंती चारही पायांनी आत होती. मान खाली घालून मामांच्या सैल सदऱ्याची बाही चावत होती. मामा जागे होते, पण डोळे मिटून पडले होते. माझी चाहूल लागताच त्यांनी डोळे न उघडता हाताने मला लांब जायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. निघताना पुन्हा भांडण. मामांना गाडीत घोडीजवळ उभं राहायचं होतं. मी म्हटलं, चालत्या गाडीत जनावराजवळ माणूस ठेवता येत नाही, घोडी बुजली तर तुम्हीच चेंगराल. आवारात ठीक होतं, रस्त्यावर नाही. मग जीपमध्ये या, म्हटलं, एकदाच या. "नाय." मग मामांनी नेहमीची रिक्षा बोलावली. पण या वेळी ती मागे राहिली नाही.

पळस्पे फाट्यापासून आपट्यापर्यंत ती वरात ज्यांनी पाहिली असेल ते विसरले नसतील. पुढे माझी जीप, तिच्यामागे गाडी आणि गाडीच्या बाजूला अगदी खेटून रिक्षा. रिक्षातून मामा कंबरेपर्यंत बाहेर आलेले, एका हाताने रिक्षाचा दांडा धरून खिडकीतल्या शेवंतीशी बोलतायत. मागे ट्रकवाल्यांचे भोंगे. मी आरशात बघत होतो आणि घामाने भिजत होतो. कर्नाळ्याच्या वळणांवर मी जीप इतकी हळू घेतली की एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून हसला. थांबून मी मामांना विनवलं, "आत बसा हो, पडाल." ते म्हणाले, "तू फुडं बग. आमचं बोलनं चाललंय." काय बोलत होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. रिक्षावाल्याला नंतर विचारलं, तर तो म्हणाला, "काय नाय साहेब, रस्त्यावर काय काय दिसतं ते तिला सांगत होते. आता पूल आला. आता टपरी आली."

आपट्याला जनूभाईंच्या वाडीत फळी सोडली. शेवंती थोडा वेळ आतच उभी राहिली. मग हळूहळू मागे पाय टाकत उतरली. अंगावर घाम नव्हता, ती थरथरतही नव्हती. तिने नाक फुरफुरवलं, नदीकडे मान केली आणि गवतात गेली. गुडघे अगदी व्यवस्थित होते. मला इतकं हायसं वाटलं की मी मामांना मिठी मारायला वळलो. तोवर मामा रिक्षात जाऊन बसले होते.

"अहो, चहा तरी घ्या," जनूभाई म्हणाले.

"नको. तिला चरू दे." आणि रिक्षा निघाली.

मला वाटलं, आठवड्याने येतील. आले नाहीत. महिना गेला. आपटा काही परदेशात नाही. मी फोन केला की मामा विचारायचे, शेवंती कशी आहे? मी चिडून म्हणायचो, "जाऊन बघा की. तुमची रिक्षा मी पाठवतो." ते विषय बदलायचे. मामी सांगायच्या की रोज सकाळी जनूभाईंना फोन असतो; काय खाल्लं, किती खाल्लं, पाय कसा टाकते. आणि मग दिवसभर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून राहतात.

एकदा मी त्या फ्लॅटवर गेलो आणि सरळ भांडायलाच बसलो. "मामा, एवढं केलंत तिच्यासाठी. मला दोनदा गाडी बांधायला लावलीत, पेंढ्यात पडलात. आणि आता तिच्याकडे बघायला जात नाही? माणूस आहात का कोण आहात?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मामा सदऱ्याच्या बाह्या दुमडत राहिले, पुन्हा सोडत राहिले.

"मी गेलो," ते म्हणाले, "का तिला वाटल, न्यायला आला. मी परत निघालो का ती कुपापर्यंत येल. मंग उद्या बी येल. परवा बी. रोज वाट बगत उभी र्‍हाईल. कशाला?"

"अहो, जनावर आहे ते. विसरेल चार दिवसांत."

"हां," मामा म्हणाले, "तेच म्हनतो. इसरू दे."

मी तेव्हा त्यांना हट्टी म्हणालो, आणखीही काही बोललो. जे बोललो ते इथे लिहीत नाही. दारातून बाहेर पडलो आणि जिन्यातच वाईट वाटायला लागलं, पण परत वर गेलो नाही. त्यांना झटका आला तो त्यानंतर काही महिन्यांनी, सकाळी, जनूभाईंना फोन लावत असताना. फोन लागला होता. जनूभाई तिकडून सांगत राहिले होते की आज शेवंतीने सगळी वैरण संपवली.

मामांचे दिवस झाल्यावर मी आपट्याला गेलो. कुणी सांगितलं नव्हतं. माझंच मन मला बसू देत नव्हतं. शेवंती नदीच्या बाजूला, चिकूच्या झाडाखाली चरत होती. अंग भरलं होतं, आयाळ वाढली होती. मी कुंपणाशी उभा राहून तिला हाक मारली. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, चालत जवळ आली. माझा हात हुंगला. हातात काही नाही असं बघून ती वळली आणि परत गवतात गेली. मी बराच वेळ तिथे उभा होतो. तिने एकदाही रस्त्याकडे पाहिलं नाही. तिथून गाड्या जात होत्या, एक टेम्पोसुद्धा फाळका आपटत गेला. तिचा कानही हलला नाही.

म्हणजे मामांचं खरं ठरलं होतं. ती कुणाची वाट बघत नव्हती. त्यांना जे हवं होतं ते अगदी तसंच झालं होतं, आणि ते बघायला हा माणूस एकदाही इथवर आला नव्हता. मला त्यांचा इतका राग आला की मी तिथेच कुंपणाचा खांब धरून मोठ्याने म्हणालो, "काय माणूस आहे हा!" चिकूखालून जनूभाईंनी विचारलं, "कोन रं?"